हायड्रोजन मोजला, ऑक्सिजन मोजायचा राहिला

नोंदवहीचं पहिलं पान बघितलं तर प्रयोग फत्ते झालेला दिसतो. समुद्राचं पाणी एक लिटर, प्रवाह २ अँपिअर, वेळ एक तास, ऋणाग्रावरच्या (विजेच्या ऋण टोकाला जोडलेल्या इलेक्ट्रोडवरच्या) नळीत जमलेला वायू ८८० मिलिलिटर. शेजारी, वाहिलेल्या विजेवरून किती वायू सुटायला हवा हे सांगणाऱ्या फॅरेडेच्या नियमाने काढलेला आकडा आहे ९१४ मिलिलिटर, आणि त्याखाली दोनदा अधोरेखित करून लिहिलंय, "कार्यक्षमता ९६ टक्के."

ही वही माझ्याकडे प्रकल्पासाठी आलेल्या दोन विद्यार्थ्यांची. मीठ न काढता, वीज सोडून समुद्राच्या पाण्यातून थेट हायड्रोजन काढायचा, असा त्यांचा विषय होता. समुद्र अथांग आहे, सूर्य आणि वारा फुकट आहेत, मग गोडं पाणी कशाला वापरायचं, असा सरळ विचार. विचारात वावगं काही नाही. पृथ्वीवरच्या पाण्यापैकी सुमारे ९७ टक्के पाणी खारं आहे आणि हायड्रोजनसाठी कुणाच्या पिण्याच्या पाण्यावर डल्ला मारू नये, असं मलाही मनापासून वाटतं. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहितोय. पहिल्या पानावरचा तो ९६ चा आकडा खरा होता, तरी त्यातून काढलेला निष्कर्ष पार चुकीचा होता.

त्या पानाआधीचा एक प्रयत्न वहीत नाही, पण सांगायला हवा. दोन्ही इलेक्ट्रोड म्हणून त्यांनी आधी स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या लावल्या होत्या. घरी करून बघणारे बहुतेक जण हेच करतात. अर्ध्या तासात पाणी गढूळ पिवळट झालं, तळाला तपकिरी-हिरवट साका बसला आणि धनाग्राच्या (धन टोकाला जोडलेल्या) पट्टीला टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडली. खाऱ्या पाण्यात स्टीलचं धनाग्र टिकत नाही. क्लोराइड त्याच्यावरचा संरक्षक थर फोडतं आणि लोखंड, निकेल, क्रोमियम पाण्यात उतरतात. पाण्याला आलेला पिवळा रंग हे षट्‌संयुजी क्रोमियमचं लक्षण असू शकतं आणि ते कर्करोगकारक आहे. ते पाणी मोरीत ओतायचं नसतं. आमच्याकडे ते झाकणाच्या बाटलीत, चिठ्ठी लावून, घातक कचऱ्याच्या कपाटात ठेवलं आहे.

मग त्यांनी धनाग्र बदललं. पोहण्याच्या तलावात क्लोरीन तयार करणाऱ्या यंत्रात असते तशी, रुथेनियम आणि इरिडियमच्या ऑक्साइडचा मुलामा दिलेली टायटॅनियमची जाळी मिळवली. क्षेत्रफळ २० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १०० मिलिअँपिअर. ऋणाग्राला निकेलची जाळी. मध्ये पडदा नाही. जाळी झिजली नाही, पाणी नितळ राहिलं, हायड्रोजन भरपूर आला आणि वहीत ते पान उमटलं.

मी विचारलं, "दुसऱ्या नळीत किती वायू आला?"

"सर, तो ऑक्सिजनच असणार. आपल्याला तर हायड्रोजन हवाय, म्हणून मोजला नाही."

सेलमध्ये जेवढे इलेक्ट्रॉन ऋणाग्रावर पाण्याला मिळतात, तेवढेच धनाग्रावर कुणाकडून तरी काढून घेतले जातात. ऋणाग्राला समोर काय चाललंय याच्याशी देणंघेणं नसतं. तिकडे ऑक्सिजन सुटो, क्लोरीन सुटो, की धातू विरघळो, इकडे हायड्रोजनचा आकडा जवळपास तोच राहतो. म्हणून हायड्रोजन मोजून समुद्राच्या पाण्याच्या सेलबद्दल फारसं काही कळत नाही. शुद्ध पाण्याच्या विघटनात दोन भाग हायड्रोजनला एक भाग ऑक्सिजन यायलाच हवा. तो येतो की नाही, हा प्रश्न आधी विचारायचा असतो.

दुसऱ्या दिवशी तोच प्रयोग पुन्हा केला, दोन्ही नळ्या लावून. खिडक्या उघड्या, वायूंच्या नळ्या बाहेर काढलेल्या, जवळपास ज्योत नाही; हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन असेल तर तो पेट घेऊ शकतो, म्हणून यात सूट नाही. तासाभरात धनाग्राच्या नळीत ४५७ मिलिलिटर ऑक्सिजन अपेक्षित होता. जमला ८० मिलिलिटर. अपेक्षेच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी.

बाकीचा प्रवाह कुठे गेला हे नाकाला आधीच कळलं होतं. खोलीत पोहण्याच्या तलावासारखा वास होता. "समुद्राच्या पाण्याचाच वास असेल," अशी त्यांची समजूत. मी स्टार्च-आयोडाइडच्या कागदाची पट्टी सेलमधल्या पाण्यात बुडवायला सांगितली. पट्टी क्षणात गडद निळी झाली आणि दोनतीन सेकंदांत पुन्हा पांढरी पडली. क्लोरीन थोडा असता तर निळा रंग टिकला असता; इतका जास्त होता की त्याने रंगही खाऊन टाकला. धनाग्रावर तयार झालेला क्लोरीन ऋणाग्रावरच्या अल्काशी मिळून हायपोक्लोराइट बनला आणि पाण्यातच राहिला, म्हणून तो नळीत दिसला नाही. हिशेब केला तर त्या एका लिटरात सुमारे २ ग्रॅम क्लोरीन उतरला होता. पातळ ब्लीच म्हणा ना. पहिल्या दिवशी हायड्रोजनमध्ये आलेली ४ टक्क्यांची तूटही बरीचशी त्याचीच असावी, कारण पडदा नसल्याने हायपोक्लोराइट फिरून ऋणाग्राशी येतं आणि हायड्रोजनऐवजी स्वतःच इलेक्ट्रॉन घेऊन बसतं.

खरं तर हे यंत्र जगात शेकडो ठिकाणी जाणूनबुजून चालवलं जातं. किनाऱ्यावरची वीजकेंद्रं थंड करण्यासाठी समुद्राचं पाणी घेतात आणि पाइपांत शिंपले, शेवाळ धरू नये म्हणून त्याच पाण्यातून जागेवरच हायपोक्लोराइट बनवतात. अगदी हाच सेल, हीच मुलाम्याची टायटॅनियम जाळी. तिथे हायड्रोजन नको असतो. पंख्याने भरपूर हवा मिसळून, विरळ करून तो वर सोडून देतात. आणि सेलमध्ये क्षार चढतात म्हणून तो ठरावीक काळाने आम्लाने धुतात. आमच्या विद्यार्थ्यांनी न कळत हेच यंत्र बांधलं होतं. उपयोगी यंत्र आहे ते, पण इंधन बनवण्याचं नाही. सगळा प्रवाह क्लोरीनकडे गेला तर एक किलो हायड्रोजनमागे ३५ किलो क्लोरीन तयार होतो. हायड्रोजनने जगाचं तेल-कोळसा हटवायचा असेल, तर एवढ्या क्लोरीनचं करायचं काय?

आता असं का होतं ते बघू, कारण कागदावर ते व्हायला नको. समुद्राच्या पाण्याचा पीएच सुमारे ८.१. त्या पीएचला ऑक्सिजन सुटायला लागणारा विभव, म्हणजे विजेचा दाब, क्लोरीनपेक्षा जवळजवळ अर्ध्या व्होल्टने कमी आहे. म्हणजे ऊर्जेच्या दृष्टीने ऑक्सिजनची बाजू वरचढ. पण ऑक्सिजनचा एक रेणू बनायला चार इलेक्ट्रॉन एकामागून एक सुटावे लागतात, क्लोरीनला दोनच. क्लोरीनचं काम झटपट होतं. त्यात धनाग्रावर ऑक्सिजन सुटला की तिथेच आम्ल तयार होतं, आणि समुद्राच्या पाण्यात ते सावरून घेण्याची ताकद फार थोडी. बादलीत पीएच ८ दाखवतो, पण धनाग्राच्या पृष्ठभागाला चिकटलेला पाण्याचा पातळ थर चांगलाच आंबट झालेला असतो. पीएच जसा खाली येतो तसा ऑक्सिजनचा विभव वर सरकतो, क्लोरीनचा मात्र जागचा हलत नाही. अगदी आम्लात दोघांत ०.१३ व्होल्टचंच अंतर उरतं, आणि तेवढं अंतर क्लोरीन आपल्या वेगाने सहज कापतो.

ऋणाग्रावर उलटा प्रकार. तिथे अल्क तयार होतं. समुद्राच्या दर किलो पाण्यात सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशियम आणि ०.४ ग्रॅम कॅल्शियम असतं. पृष्ठभागाचा पीएच साडेनऊच्या वर गेला की मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड बसायला लागतं, सोबत कॅल्शियम कार्बोनेट. सहा तासांचा प्रयोग केला तेव्हा निकेलच्या जाळीची भोकं पांढऱ्या, साबणासारख्या गुळगुळीत थराने बुजली आणि सेलचा दाब ३.१ व्होल्टवरून ३.६ वर चढला. थर खरवडून त्यावर व्हिनेगर टाकलं. थोडे बुडबुडे आले, बाकीचं निमूट विरघळलं. बुडबुडे कार्बोनेटचे, निमूट विरघळलं ते बहुतांश मॅग्नेशियमचं. एका चमचाभर खरवडणीत अख्ख्या समस्येचं पृथक्करण झालं.

इथे त्यांच्यातला एक जण म्हणाला, "म्हणजे प्रकल्प फसला का, सर?" फसला अजिबात नव्हता. आत्ता कुठे प्रश्न नीट हातात आला होता. दुसरी फेरी इथून सुरू झाली.

धनाग्राजवळ आम्ल साचतं हीच अडचण असेल तर पाणीच भरपूर अल्कधर्मी करायचं. अल्कधर्मी पाण्यात क्लोरीनचं हायपोक्लोराइट बनण्याचा विभव ऑक्सिजनच्या साधारण ०.४८ व्होल्ट वर असतो आणि ते अंतर पीएच बदलला तरी हलत नाही. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या पीटर स्ट्रासर यांच्या गटाने २०१६ मध्ये हा निकष स्पष्ट मांडला: उत्प्रेरक असा निवडा की हवा तेवढा प्रवाह ऑक्सिजनच्या विभवावर ०.४८ व्होल्टच्या जादा दाबाच्या आत मिळेल. मग क्लोराइड पाण्यात असलं तरी त्याला संधी मिळत नाही. मला हा निकष आवडतो, कारण तो पाळला की मोडला हे मोजून सांगता येतं.

आम्ही समुद्राच्या पाण्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड घातलं. पहिल्याच चमच्याला पाणी दुधासारखं पांढरं झालं. ऋणाग्रावर बसणारं मॅग्नेशियम आता भांड्यातच खाली बसत होतं. रात्रभर निवळू दिलं, वरचं पाणी गाळून घेतलं, आणि दोन्हीकडे निकेल लावून सेल चालवला. धनाग्राच्या नळीत या वेळी हायड्रोजनच्या जवळजवळ निम्मा वायू आला. पाण्याचा नमुना आम्लाने उदासीन करून त्यात बुडवलेली कागदाची पट्टी पांढरीच राहिली. दाब २.२ व्होल्ट. विद्यार्थी खूश झाले, आणि मीही झालो. दोन आठवड्यांच्या मेहनतीनंतर ती न बदललेली पट्टी बघण्यात वेगळाच आनंद होता.

मात्र सेल दिवसभर चालवून पाण्याची भर घालायची वेळ आली तेव्हा खरी मेख कळली. एक किलो हायड्रोजनला सुमारे ९ किलो पाणी खर्च होतं. खर्च होतं ते पाणी, मीठ नाही. समुद्राच्या दर किलो पाण्यात ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे दर किलो हायड्रोजनमागे ३०० ग्रॅमहून जास्त क्षार सेलमध्येच मागे राहतात. वरून समुद्राचं पाणी घालत गेलं तर सेल म्हणजे मिठागरच होतो. शिवाय भर घातलेल्या प्रत्येक लिटरमधलं मॅग्नेशियम बसवायला अल्क लागतं. हिशेबाने किलोभर हायड्रोजनमागे निदान ५० ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड नुसतं त्यातच जातं. साचलेलं मीठ काढायला सेलमधलं पाणी बदलावं, तर त्याच्याबरोबर महागडं अल्कही वाहून जातं. आणि ते तीव्र अल्क समुद्रात सोडणं मला तरी मान्य नाही.

मग मी त्यांना एक हिशेब घालायला दिला. खरं तर तो पहिल्या दिवशीच द्यायला हवा होता.

एक किलो हायड्रोजनला सुमारे २६,६०० अँपिअर-तास लागतात. त्याला सेलच्या दाबाने गुणलं की ऊर्जा मिळते. २ व्होल्टला ५३ युनिट. पहिल्या फेरीतल्या ३.१ व्होल्टला ८२ युनिट, आणि क्षार चढून ३.६ झाले की ९६. आता दुसरी बाजू. आधुनिक उलट-परासरण (आरओ) यंत्र समुद्राचं हजार लिटर पाणी गोडं करायला साधारण ३ ते ४ युनिट घेतं. किलोभर हायड्रोजनसाठी १० लिटर पाणी धरलं तर ०.०३ ते ०.०४ युनिट. त्यावर आणखी शुद्धीकरणाचा खर्च घाला, तरी ५३ च्या शेजारी तो आकडा नजरेतही भरत नाही. सेलच्या दाबात एका शतांश व्होल्टची जरी वाढ झाली, तरी पाणी गोडं करण्याच्या काही पट ऊर्जा उडते.

फळ्यावर हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिल्यावर दोघं बराच वेळ काही बोलले नाहीत. ज्या पायरीला टाळण्यासाठी एवढी उठाठेव, ती पायरी हजारातल्या एका भागाचीही नव्हती.

मग या क्षेत्रातले मोठे प्रयत्न वाया गेले का? माझं मत तसं नाही, पण ते नीट वेगळे करून बघावे लागतात. १९८० मध्ये जे. ई. बेनेट यांनी मँगनीज ऑक्साइडचा थर असलेल्या धनाग्रावर समुद्राच्या पाण्यातून जवळजवळ सगळा प्रवाह ऑक्सिजनकडे वळवून दाखवला. तो थर पाणी आत जाऊ देतो आणि क्लोराइडला बऱ्याच अंशी बाहेर अडवतो. २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या होंगजी डाई यांच्या गटाने निकेल-लोह उत्प्रेरकाखाली निकेल सल्फाइडचा थर देऊन १,००० तासांहून जास्त सेल चालवला; चालताना धनाग्रावर बनणारे सल्फेट आणि कार्बोनेटचे ऋणभारित थर क्लोराइडला दूर लोटतात. मात्र हे अल्क मिसळलेलं पाणी होतं, म्हणजे आमच्या दुसऱ्या फेरीचंच फार सुंदर रूप. मीठ साचण्याचा प्रश्न तिथेही तसाच उभा राहतो.

२०२२ मध्ये चीनमधल्या शिए हेपिंग यांच्या गटाने केलेली युक्ती मला सगळ्यात जास्त पटते. त्यांनी सेलमध्ये तीव्र पोटॅशियम हायड्रॉक्साइड ठेवलं आणि बाहेर समुद्राचं पाणी. मध्ये टेफ्लॉनसारखा पाणी न शोषणारा, बारीक छिद्रांचा पडदा. द्रव त्यातून जात नाही, वाफ जाते. आतल्या तीव्र द्रावाचा बाष्पदाब बाहेरच्यापेक्षा कमी असल्याने बाहेरचं पाणी वाफ होऊन आपोआप आत ओढलं जातं. सेल जेवढं पाणी खर्च करतो तेवढंच आत येतं, क्षार बाहेरच राहतात. हा सेल ३,२०० तासांहून जास्त चालला. याला सगळे "समुद्राच्या पाण्याचं थेट विघटन" म्हणतात. पण नीट पाहिलं तर समुद्राचं पाणी इलेक्ट्रोडला स्पर्शही करत नाही. मीठ काढण्याची पायरी गाळलेली नाही, ती सेलच्या भिंतीत बसवली आहे. त्यात कमीपणा नाही. जिथे वेगळं यंत्र ठेवायला जागा नाही, देखभालीला माणूस नाही, अशा समुद्रातल्या तरंगत्या चौथऱ्यावर या रचनेचं मोल मोठं असेल. २०२३ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ १ मेगावॉटचा सीलाइफ हा तरंगता प्रकल्प सुरू झाला, त्याने मात्र सरळ मार्ग धरला: समुद्राचं पाणी आधी गोडं करायचं, मग सेलमध्ये घालायचं.

दोन इलेक्ट्रोडांमध्ये हायड्रोजन आयन वाहून नेणारा पडदा वापरणाऱ्या सेलांना तर दुसरा पर्यायच नाही. त्यांना दर सेंटिमीटरला साधारण १ मायक्रोसीमेन्सपेक्षा कमी वाहकतेचं, म्हणजे जवळजवळ क्षारमुक्त पाणी लागतं. समुद्राच्या पाण्याची वाहकता त्याच्या पन्नास हजार पट. सोडियम, कॅल्शियमचे आयन पडद्यात हायड्रोजन आयनांच्या जागा बळकावतात आणि पडदा हळूहळू निकामी होतो.

तिसऱ्या फेरीत त्याच समुद्राचं पाणी उकळून, वाफ थंड करून घेतलं, त्यात अल्क मिसळलं आणि तोच निकेलचा सेल जोडला. वायूंचं प्रमाण २ ला १. भर घालताना काही साचलं नाही. प्रकल्पाच्या अहवालात याच फेरीची शिफारस आहे.

उकळताना त्यांच्यातल्या एकीने विचारलेला प्रश्न मात्र मला अजून गुंतवून ठेवतो. पाण्याच्या विघटनात १.४८ व्होल्टच्या वरचा सगळा दाब उष्णता बनून जातो. २ व्होल्टला किलोभर हायड्रोजनमागे जवळजवळ १४ युनिट उष्णता. आणि त्याला लागणाऱ्या ९ किलो पाण्याची वाफ करायला लागतात साधारण साडेपाच. "मग सर, सेलच्याच उष्णतेवर त्याचं पाणी तयार होणार नाही का?" मोठ्या यंत्रांत ही उष्णता थंड करणाऱ्या पाण्याबरोबर बहुधा फेकून दिली जाते.

आमचा एकटा सेल त्यासाठी फार लहान. त्याची ऊब हवेतच विरते. म्हणून आता दहा सेल ओळीने जोडलेत, भोवती थर्माकोल लावलाय आणि त्यांना टेकून समुद्राच्या पाण्याचं उथळ भांडं, वर तिरपी काच. गेल्या आठवड्यात काचेच्या आतल्या बाजूला थेंब धरायला लागले. वाटीत जेमतेम दोन चमचे पाणी जमलं. त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले. क्लोराइड असतं तर पांढरं ढवळलं असतं. पाणी नितळ राहिलं. वहीत त्या दिवसापासून ऑक्सिजनचा रकाना पहिला आहे, हायड्रोजनचा दुसरा.